तारूचे दर्शन आणि प्रवेशाचा परवाना

सामाजिक सत्ता, विशेषाधिकार आणि समावेश या विषयांवर महाविद्यालयांत परिसंवाद होतात, तेव्हा बहुतेक वक्त्यांच्या मनात समाजाचे एक ठरावीक चित्र असते: मध्यभागी सत्ता आणि प्रतिष्ठा असलेला वर्ग, कडेला वंचित समूह, आणि कडेच्यांना मध्यभागी आणणे म्हणजे समावेश. विशेषाधिकार म्हणजे स्वतःच्या कर्तृत्वाने न मिळवता जन्माने वा स्थानाने हाती आलेली आणि भोगणाऱ्याला बहुधा जाणवतही नसलेली सवलत, ही व्याख्या या चित्रात चपखल बसते. परंतु चित्रातील एक गृहीतक क्वचितच तपासले जाते. ज्या घरात इतरांना सामावून घ्यायचे ते घर सामावून घेणाऱ्याचेच आहे, हे आधीच मान्य झालेले असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात हे गृहीतक टिकत नाही, कारण येथे आज ज्यांच्या समावेशाची चर्चा होते त्या गोंडांचेच राज्य चांदा येथे कित्येक शतके होते आणि १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी ते आपल्या ताब्यात घेतले. त्यानंतर ब्रिटिश वनकायद्यांनी जंगल राखीव केले, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच जंगलाचा काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हा प्रश्न या भूमीवर इतिहासानेच उलटा करून ठेवलेला आहे.

मोहर्ली हे इरई जलाशयाच्या काठचे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सर्वांत परिचित प्रवेशद्वार म्हणून ओळखले जाते. ज्या नावाने हा प्रकल्प जगाला ठाऊक आहे ते नाव मुळात एका देवाचे आहे. परंपरेनुसार तारू हा गावाचा प्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, त्याला देवत्व प्राप्त झाले, आणि ताडोबा तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले. पौष महिन्यातील त्याची यात्रा परिसरातील आदिवासींच्या धर्मजीवनाचा भाग आहे. या कथेत वाघ हा पराभूत करायचा शत्रू नाही. वाघाच्या हातून मरण आलेला माणूसच त्या रानाचा रक्षक होतो, म्हणजे हिंसेचा हिशेब सूडाने चुकता न होता नात्यात रूपांतरित होतो. वन्यजीवांशी सहजीवन कसे असावे यावर अलीकडे जे विपुल लेखन होते, त्यातील पुष्कळसे या एका कथेइतके खोल जात नाही.

१९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या कलम २७ आणि २८ नुसार अशा क्षेत्रात प्रवेशावर निर्बंध आहेत, आणि परवाना कोणकोणत्या प्रयोजनांसाठी देता येईल याची यादी कलम २८ मध्ये आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या व्यक्तीशी कायदेशीर व्यवहार. या यादीत पूजा नाही. हक्कनिश्चितीच्या वेळी एखादा हक्क नोंदला जाऊन चालू ठेवला गेला तर गोष्ट वेगळी. पण यादीचा तर्क पाहिला तर जिप्सीत बसून वाघ पाहायला आलेला दूरचा पर्यटक हा कायद्याला ओळखीचा असलेला मनुष्य आहे, आणि ज्याच्या पूर्वजांच्या देवावरून त्या उद्यानाला नाव मिळाले तो भाविक मात्र कुणाच्या तरी सवलतीवर आत येणारा मनुष्य ठरतो. येथे कोणाचा द्वेष नाही, कोणाला हाकलण्याचा हेतूही नाही. विशेषाधिकाराचे हेच लक्षण आहे: तो यादी करणाऱ्याच्या कल्पनाशक्तीच्या मर्यादेत राहतो, आणि यादी करणाऱ्याला जे प्रयोजन सुचले नाही ते कायद्यात अस्तित्वातच येत नाही.

यावर असे म्हणता येईल की संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिलेलेच आहे. ते खरे आहे, परंतु त्या अनुच्छेदाच्या केंद्रस्थानी व्यक्तीची सद्सद्विवेकबुद्धी आहे. धर्म हा माणसासोबत कोठेही नेता येतो, अशी त्यामागची धारणा आहे. स्थानबद्ध देवतेच्या बाबतीत ही धारणा अपुरी पडते. ज्या देवाचे देवत्व विशिष्ट झाड, विशिष्ट पाणी आणि विशिष्ट मरण यांच्याशी बांधलेले आहे, त्याची उपासना अन्यत्र करण्याचे स्वातंत्र्य म्हणजे उपासनेचे स्वातंत्र्य नव्हे. गाभा क्षेत्रातील नवेगाव, जामणी यांसारख्या गावांचे पुनर्वसन झाले, तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २००८ नंतरच्या योजनेत प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपयांचा पर्याय होता. घर, शेत आणि झाडे यांची किंमत अशा रीतीने ठरवता येते. शिवेवरच्या देवाची किंमत ठरवणारे कोष्टक कोणत्याही सरकारजवळ नाही, आणि ते नसणे एका अर्थी योग्यच आहे.

व्याघ्रसंवर्धनाच्या बाजूचा आक्षेप मात्र हलका मानू नये. यात्रेसाठी मोठा जमाव गाभा क्षेत्रात गेला, तर वन्यजीवांना उपद्रव होतो आणि माणसांच्या जिवालाही धोका असतो. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरणे ही चंद्रपूर जिल्ह्यातील दरवर्षीची शोकांतिका आहे. वाद येथे निर्बंध असावेत की नसावेत एवढाच नाही. निर्बंध ठरवताना भाविकाला मत होते का, हा वाद आहे. पर्यटकांच्या गाड्यांची संख्या ठरवताना शास्त्रीय निकष लावले जातात, तसे यात्रेकरूंबाबतही लावता येतील. पण त्यासाठी आधी यात्रेकरू हा निर्णयातील एक पक्ष म्हणून दिसावा लागतो. मोहर्लीच्या परिसरातील तरुण-तरुणींना गाईड म्हणून रोजगार मिळाला आहे, हे चांगलेच झाले. तरीही त्याच व्यक्तीला गाईड म्हणून रोज प्रवेश आणि भाविक म्हणून सवलत, हे तिच्या दोन ओळखींचे केलेले मूल्यमापन आहे, आणि ते तिने केलेले नाही.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या धर्मविचाराचा एक टप्पा लक्षात घेणे उपयुक्त ठरते. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मदीक्षा झाल्यावर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूर येथेही दीक्षेचा सोहळा झाला. प्रवेशाच्या मागणीपासून घर सोडण्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे समावेशाच्या कल्पनेवर केलेली सर्वांत सखोल टीका होय, कारण दार उघडण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती ठेवून मिळालेला प्रवेश समता निर्माण करीत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. तारूच्या भाविकाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. काळाराम मंदिराबाहेर उभ्या असलेल्या सत्याग्रहींना देवही नाकारला जात होता आणि दारही. येथे देव भाविकाचाच आहे, दार तेवढे दुसऱ्याचे. म्हणून त्याला घर सोडण्याचा मार्गही खुला नाही, कारण सोडायचे ते घर त्याचे स्वतःचे आहे.

१९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत जयपालसिंह मुंडा यांनी आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नसून त्यांच्याकडून ती शिकावी, अशा आशयाचे प्रतिपादन केले होते. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गाव त्या प्रतिपादनाचा सर्वांत ठोस पुरावा म्हणून दाखवता येईल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडल्या गेलेल्या या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत स्वीकारली, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आणला. परिसंवादाच्या दृष्टीने मेंढ्यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट मात्र बांबू नव्हे, अभ्यास गट आहे. तेथे बाहेरचे जाणकार येतात, माहिती देतात, वादही घालतात, पण निर्णय ग्रामसभेच्या बैठकीत स्वतंत्रपणे होतो. ज्ञान असणे हे निर्णयाच्या अधिकाराचे कारण मानले जात नाही. महाविद्यालयातील परिसंवादात बहुधा याच्या उलट घडते: ज्यांच्याविषयी बोलले जाते ते प्रेक्षागृहात असतात, किंवा नसतातच.

मेंढ्याचे कौतुक करताना आंबेडकरांचाच दुसरा इशारा विसरून चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी खेड्याच्या आदर्शीकरणावर कठोर प्रहार केला होता, आणि तो जातिग्रस्त गावांच्या अनुभवातून आलेला होता. मेंढा जवळजवळ संपूर्ण गोंड गाव असल्याने सर्वसहमती तेथे शक्य झाली असेल. संमिश्र वस्तीच्या गावांत ती दुर्बलांवरचे दडपणही ठरू शकते. वनहक्क कायदा स्वतःही समतल नाही. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, तर इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्यामुळे एकाच टोल्यातील गोंड आणि बिगर-आदिवासी भूमिहीन यांच्यात कायद्यानेच पायऱ्या पडतात. शिवाय ताडोबाचे गाभा क्षेत्र डिसेंबर २००७ च्या अखेरीस अधिसूचित झाले आणि वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. हा योगायोग की घाई, हे वाचकाने ठरवावे.

धर्माच्या संदर्भात ग्रामसभेला सर्वाधिक मान्यता मिळाली ती १८ एप्रिल २०१३ च्या नियमगिरी निकालात. ओडिशातील डोंगरिया कोंध ज्या पर्वताला नियमराजा मानतात त्यावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हा प्रश्न त्यांच्या धार्मिक हक्कांच्या दृष्टीने ग्रामसभांनी तपासावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, आणि त्यानंतर बाराही ग्रामसभांनी नकार दिला. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातील सुरजागड डोंगरावर माडिया आदिवासी ठाकूरदेवाची यात्रा भरवतात, परिसरातील ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठरावही केले, तरी तेथे लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे. एका पर्वतावर नकाराला वजन मिळाले आणि दुसऱ्यावर मिळाले नाही.

नकाराचा हा अधिकार ताडोबाच्या संदर्भात कोणाकडे असावा, हे मात्र नियमगिरीपेक्षा अवघड आहे. वनहक्क कायद्यातील ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ व्यक्ती, त्यांची श्रद्धा कोणतीही असो. तारू हा मात्र एका परंपरेचा देव आहे. संमिश्र गावात गोंड, कुणबी, ढिवर, बौद्ध असे शेजारी एकाच ग्रामसभेत बसतात, आणि पर्यटनावर पोट असलेले घटकही तेथेच असतात. त्या सभेच्या बहुमताने यात्रा मर्यादित केली, तर राज्यसंस्थेऐवजी गावच भाविकाला सवलत देणारे होईल. उलट देवाचा निर्णय केवळ उपासकांच्या हाती दिला, तर ज्यांचे तेंदूपान आणि सरपण त्याच जंगलातून येते त्या शेजाऱ्यांचा आवाज कमी होईल. कायद्याने या दोन हक्कांतील सीमा आखलेली नाही.