जिभेची साक्ष

चवीच्या बाबतीत बोललेले खोटे हे खोटेच होय की काय, असा एक प्रश्न गेले कित्येक महिने आम्हांस छळीत आहे. प्रश्न क्षुल्लक आहे, हे आधीच कबूल करतो. त्याचा उगम तर त्याहूनही क्षुल्लक आणि आमच्या काही वाचकांच्या दृष्टीने निंद्यही ठरेल. तो व्हिस्कीच्या दोन बाटल्यांतून निघाला. त्यांतली एक अमेरिकेतल्या केंटकी प्रांताची, दुसरी येथलीच, बंगळूरची.

निंदा करू इच्छिणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगतो, की १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांपैकी बाविसावा नियम आम्हांस तोंडपाठ आहे. शासकीय सेवकाने ज्या प्रदेशात तो असेल तेथला मद्यविषयक कायदा काटेकोर पाळावा, कामावर असताना मद्याचा अंमल नसावा, सार्वजनिक ठिकाणी मद्य घेऊ नये आणि अतिरेक तर कोठेच करू नये, असा त्याचा मथितार्थ. सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय, याचीही व्याख्या तेथे आहे. पैसे देऊन का होईना, जेथे लोकांना प्रवेश मिळतो ते सारे तीत येते. म्हणजे या शहराची ख्याती ज्या मद्यगृहांमुळे झाली, ती आम्हांस वर्ज्य. उरते ते घर. शासकीय निवासातली बैठकीची खोली आणि स्टीलची फुलपात्रे. आमच्या हातून जे काही रसग्रहण घडते ते एवढ्या सरंजामात.

केंटकीची बाटली आमच्या साडूंनी आणली. ते ओहायो राज्यात सिनसिनाटी येथे असतात. नदी ओलांडली की पलीकडे केंटकी. तेथील जुने कारखाने नेहमीच्या मालाखेरीज वर्षातून एकदा एखादी विशेष आवृत्ती काढतात. बफलो ट्रेस यांचा 'अँटीक कलेक्शन' हा संच २००० सालापासून दर शरदात निघतो. ओल्ड फॉरेस्टरची 'बर्थडे बर्बन' २००२ पासून संस्थापक जॉर्ज गार्विन ब्राउन यांच्या जन्मदिनाच्या, म्हणजे २ सप्टेंबरच्या निमित्ताने निघते. बाटल्या मोजक्या आणि मागणी अफाट. ओहायोत तीव्र मद्याची विक्री राज्य शासनाच्या ताब्यात असल्यामुळे अशा दुर्मीळ बाटल्यांची तेथे सोडत काढतात; आपल्याकडे म्हाडाच्या घरांची काढतात तशी. साडूंनी तीन वर्षे नाव घातले, तेव्हा कुठे त्यांचा नंबर लागला. बाटली अशाच एका आवृत्तीतली होती. तिचे नाव मात्र येथे देत नाही. नावाने काय होते, हाच तर पुढचा प्रश्न आहे.

एवढ्या कष्टाने मिळवलेली बाटली त्यांनी आम्हांला का द्यावी, हे सांगणे भाग आहे. आमच्या सासूबाई शेवटचे आठ महिने आमच्याकडे होत्या. थोरली लेक दोनदा येऊन गेली. साडू मात्र नोकरी आणि व्हिसा यांच्या कात्रीत सापडले आणि अखेरच्या दिवशीही पोहोचू शकले नाहीत. आम्ही फार काही केले असे नाही. औषधे आणली, रात्री उठलो, डॉक्टरांच्या दारी बसलो. खरी सेवा केली ती त्यांच्या लेकीने. आमची महिन्यातून एखाद्या वेळची सवय त्या माउलीला ठाऊक होती. "तुमचं ते औषध घ्या हो, माझ्यासाठी थांबू नका," असे त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा आमची मान जी खाली गेली ती बराच वेळ वर झाली नाही. साडू पुढच्या पावसाळ्यात आले. या विषयावर त्यांनी एक अक्षर काढले नाही. तीन सदऱ्यांत गुंडाळलेली बाटली बॅगेतून काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्यासाठी ठेवली होती." बस्स, एवढेच. आम्हा मराठी पुरुषांना कृतज्ञतेची भाषा शिकवलेलीच नसते. मग पेढे बोलतात, शाल बोलते. येथे बाटली बोलली.

हे सारे समजत असूनही परीक्षेची अवदसा आम्हांलाच आठवली. घरात 'अमृत'च्या सिंगल माल्टची बाटली होती. ही व्हिस्की याच शहराची. राधाकृष्ण जगदाळे यांनी हा कारखाना १९४८ साली काढला. आडनावाकडे पाहून छाती जराशी फुगते, हे लपवीत नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत आपण अगदीच परके नाही, असे परमुलखातल्या कारकुनास वाटले तर त्यात नवल काय? आम्ही सुचवले, दोन्ही झाकून चाखू आणि कोणती कोणती ते ओळखू. सौभाग्यवती या पदार्थाला शिवत नाहीत, म्हणून पंच त्याच. शेजारचे लेखापरीक्षा खात्यातून निवृत्त झालेले काका तिसरे परीक्षक. प्रत्येकापुढे दोन फुलपात्रे, फुलपात्राखाली घडी केलेली चिठ्ठी. स्टीलमुळे रंग दिसत नव्हता, हा एक अनपेक्षित फायदा. जाणकार लोक यासाठी पोट फुगीर आणि तोंड निमुळते असे काचेचे पेले वापरतात; त्यांनी आमची ती पंगत पाहिली असती तर उठून गेले असते.

पहिल्या फुलपात्रात काकवीचा दाट गोडवा होता, वर दालचिनीचा झणका, आणि शेवटी घशात जुन्या लाकडाचा तुरटपणा. दुसऱ्यात पाक किंचित करपावा तसा वास, मागाहून भाजलेल्या सातूच्या पिठाचा, आणि सर्वांत शेवटी शाळा सुरू होताना नव्या बाकांना येतो तो. इंग्रजी परीक्षणांत नासपती, चामडे, टॉफी असे शब्द येतात. आमच्या जिभेने तिच्या बालपणातून जे उचलले ते असे. तिघांनीही दुसऱ्याला कौल दिला. साडूंनी तर डोळे मिटून सांगितले, "ही माझी. ही केंटकीची." मग कधी नव्हे ते बोलू लागले. सोडतीचा दिवस, दुकानापुढची रांग, बर्फ. आणि त्या ओघात प्रथमच, "आई गेल्या तेव्हा मी तिथे गाडीत बसून होतो" हेही. सौभाग्यवतींनी वाकून फुलपात्राखालची चिठ्ठी पाहिली आणि म्हणाल्या, "हो, तीच."

रात्री स्वयंपाकघरात आम्ही ती चिठ्ठी पाहिली. तिच्यावर 'अमृत' असे लिहिले होते.

आता साडूंच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते आधी म्हणतो. बर्बन म्हणवणाऱ्या व्हिस्कीत निदान ५१ टक्के मका हवा आणि ती ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपात ठेवलेली हवी, असा अमेरिकेचा कायदा आहे. ओक हे आमच्याकडे आडनाव, तिकडे झाड. पिंप नवेच हवे, म्हणून एकदा वापरलेले पिंप बर्बनच्या कामाचे राहत नाही. मग ही निवृत्त पिंपे जगभर जातात. त्यांतली काही बंगळूरला येतात आणि 'अमृत' त्यांत, तसेच अमेरिकन ओकच्या नव्या पिंपांतही, मुरते. करपल्या पाकाचा तो वास लाकडाचा. साडूंच्या जिभेने लाकूड बरोबर ओळखले. तिला धान्य तेवढे ओळखता आले नाही.

येथे ह्यूमची आठवण होते. स्कॉटलंडच्या या तत्त्ववेत्त्याने अभिरुचीच्या प्रमाणाविषयी १७५७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात सँको पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट 'डॉन किहोते'तून घेतली आहे. दोघांनी एका पिंपातले मद्य चाखले. एक म्हणाला, उत्तम, पण चामड्याची चव लागते; दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली. ह्यूमला यातून असे दाखवायचे आहे की रुची ही केवळ लहर नव्हे, तिच्या तळाशी कधीकधी किल्ली असते. पदवीच्या वर्गात हे वाचले तेव्हा आम्हांस ते निर्विवाद वाटले होते. आता शंका येते. पिंपाच्या तळाशी किल्ली निघालीच नसती, तर ते दोघे खोटे ठरले असते काय?

शंका अशासाठी, की २००८ साली कॅलिफोर्नियात झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन दोनदा दिली गेली. एकदा किंमत १० डॉलर सांगून, एकदा ९० सांगून. ९० ची अधिक चांगली लागली. यात आश्चर्य नाही. माणूस भिडेखातर बोलतो. परंतु ती पिताना मेंदूतील सुखाची नोंद करणारा भागही अधिक चेतवला गेला, असे यंत्राने दाखवले. म्हणजे ते लोक खोटे बोलत नव्हते. सुख खरेच वाढले होते. किंमत जिभेपर्यंत पोहोचते, असाच याचा अर्थ.

मग न्याय करायचा तर नाव झाकलेच पाहिजे, असे वाटू लागते. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच नावे झाकून चाखले आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला. आमच्या 'अमृत'चीही तीच कथा. ती प्रथम विकायला निघाली ती ग्लासगोत, २४ ऑगस्ट २००४ रोजी. आपल्या देशात आणि खुद्द बंगळुरात यायला तिला २०१० साल उजाडले. भारतीय नाव दिसताच जिभा आखडत्या घेणारे केवळ साहेबच नव्हते. तिच्याच 'फ्यूजन' नावाच्या भावंडाला जिम मरे या इंग्रज परीक्षकाने आपल्या २०१० च्या ग्रंथात ९७ गुण देऊन जगात तिसरे बसवले, तेव्हा इकडच्या अनेकांना ती एकाएकी रुचू लागली. याला अभिरुची म्हणावे की वरिष्ठांचा शेरा पाहून दिलेला अभिप्राय, हे आमच्या वाचकांना, ज्यांनी गोपनीय अहवाल लिहिले आणि सोसले आहेत, आम्ही काय सांगावे?

वयाचेही तसेच. बाटलीवर बारा वर्षे, अठरा वर्षे असा आकडा असला की आपण हात जोडतो; ज्येष्ठता यादीत वाढलेल्या माणसास दुसरे सुचत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच, पण हवा स्कॉटलंडहून कितीतरी उष्ण. तेथे पिंपातून दर वर्षी दोनेक टक्के मद्य उडून जाते. येथे दहा-बारा टक्के. याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि 'अमृत'ने २०१३ साली आठ वर्षे मुरलेली एक विशेष आवृत्ती काढली तिचे नावच मुळी 'लोभी देवदूत' अशा अर्थाचे ठेवले. इतका वाटा दिल्यावर येथे चार-पाच वर्षांत जे पिकते त्याला तिकडे त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ लागतो. चौदाशे वर्षांचे म्हणवणारे चांगदेव कोरा कागद पाठवतात आणि लहानगी मुक्ताबाई त्यांना कोरेच राहिलात म्हणून हसते, ही परंपरेतली कथा ज्यांच्या कानांवरून गेली आहे त्यांनी तरी आकड्याला भुलू नये. आम्ही भुलतो.

तथापि नाव म्हणजे निव्वळ भुरळ, असेही मानवत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली रंग आणि नाना अर्क मिसळलेले काहीही विकले जाई. म्हणून १८९७ चा कायदा आला: एकाच कारखान्याचे, एकाच हंगामाचे, निदान चार वर्षे सरकारी देखरेखीच्या वखारीत ठेवलेले मद्य असेल, तरच त्यावर तसा शिक्का. त्या वखारीला सरकारी माणसाचे कुलूप असे. म्हणजे बाटलीवरचे ते चार शब्द खरे आहेत याला एका कारकुनाची किल्ली जामीन होती. ह्यूमच्या किल्लीपेक्षा आम्हांला ही अधिक जवळची वाटते. नाव, साल, ठिकाण हीही साक्षच आहे, आणि ती देणारा प्रामाणिक असेल तर जिभेने ती ऐकण्यात कमीपणा नाही.

आम्ही हे सर्व सौभाग्यवतींपुढे मांडले. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, ते दारूबद्दल बोलत होते का? आईबद्दल बोलत होते. मी मधेच नाही म्हणाले असते तर ते गप्प झाले असते." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे की साडूंनी दिलेली वस्तू झाकून चाखण्याजोगी नव्हतीच. तिच्यावरचे खरे नाव केंटकीच्या कारखान्याने लावलेले नव्हते, आणि ते पुसून निवाडा मागणे हा आमचाच अविवेक होता. परक्याच्या मालाला आंधळी परीक्षा न्याय देते. दिलेल्या भेटीला ती अन्याय करते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु "हो, तीच" हे दोन शब्द खरे नव्हते. ज्या दयेने ते उच्चारले गेले तिच्यापुढे नमस्कार करूनही ते खरे होत नाहीत. आणि त्या दोन शब्दांमुळे 'अमृत'ने त्या रात्री कमावलेला कौल दुसऱ्याच्या नावे जमा झाला, हेही एका हिशेबनिसाच्या मनाला टोचत राहिले.

केंटकीच्या बाटलीत अजून एक तृतीयांश शिल्लक आहे. सासूबाईंच्या वर्षश्राद्धानंतर काही दिवसांनी आम्ही ती एकट्याने, नाव डोळ्यांसमोर ठेवून घेतली. काकवी, दालचिनी, जुने लाकूड, सारे तेच. या खेपेस ती फार चांगली लागली.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी साडूंना कळवणे आवश्यक होते. गेल्या रविवारी दूरध्वनीवर त्यांना चिठ्ठीची गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, "ती तुमची बंगळूरची किती वर्षांची आहे?" आम्ही बाटली फिरवून पाहिली आणि सांगितले, तिच्यावर वय लिहिलेले नाही.