टवका उडालेला नग

काचेचा जुना पेपरवेट हातात आला की जाणकार आधी तो उलटा करतात. वरचा फुलांचा गालिचा मागाहून बघता येतो, आधी बूड. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या काचेला, जिथं ती टेकते तेवढ्याच कडेवर, बारीक ओरखडे पडतात आणि ते वाटेल त्या दिशांना जातात. सगळे ओरखडे एकाच दिशेचे, एकसारखे दिसले तर ते वय पॉलिश पेपरनं आणलंय असं खुशाल समजावं. आणि दीडशे वर्षांच्या म्हणवणाऱ्या काचेवर एकही ओरखडा नसेल, तर ती एक तर तेवढी जुनी नाही किंवा मध्ये कधीतरी कुणी ती चाकावर धरून घासली आहे.

आपल्याला पेपरवेट आठवतो तो कचेरीतल्या पंख्याखालचा, अर्जांच्या गठ्ठ्यावर बसलेला. त्याची पारख करायला कोण जातो? पण १८४५ ते १८६० या पंधराएक वर्षांत फ्रान्समधल्या बाकारा, सँ लुई आणि क्लिशी या कारखान्यांनी जे पेपरवेट केले, त्यांच्यासाठी आजही लिलावात बोली चढते. नक्षीच्या जाड रंगीत कांड्या तापवून लांबच लांब ओढायच्या. कांडी बारीक होत जाते, पण आतलं फूल मोडत नाही. मग तिच्या चकत्या कापून मांडायच्या आणि वर वितळलेली स्वच्छ काच चढवायची. बाकाराच्या काही चकत्यांत ‘बी’ हे अक्षर आणि १८४६ ते १८४९ मधलं एखादं साल असतं. क्लिशीचा गुलाब तर दुरूनही ओळखू येतो. अर्थात आत साल आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पुढच्या काळात जुनी सालं घालून केलेले नगही बाजारात आले.

खरी पंचाईत होते ती विचित्र नगापाशी. आतली चकती सँ लुईची वाटते, रंगही जुळतात, पण घुमट बसका आहे. एका बाजूला तीन पैलू पाडलेत, दुसऱ्या बाजूला दोनच. किंवा आकारच असा, की असा पेपरवेट कुठल्या पुस्तकात सापडत नाही. अशा वेळी मन लगेच एका बाजूला झुकतं: हा कारागिराचा खास प्रयोग असणार, जगात एकमेव असणार! दुसरं उत्तर जास्त साधं आणि जास्त वेळा खरं असतं. टवका उडाला होता, तो लपवायला कुणीतरी पैलू पाडला. ओरखडे काढताना घुमट खाली गेला. आणि तो अनोळखी आकार? त्याच कांड्यांच्या नक्षीचे दाराचे गोळे, दौती, बाटल्यांची बुचंही व्हायची. त्यातलं एखादं फुटलं, उरलेला भाग सपाट घासला, झाला पेपरवेट. दुर्मीळ आणि मोडकं यांच्यात वरवर फारसा फरक दिसत नाही, आणि आपल्याला काय हवंय तेच डोळा आधी वाचतो.

म्हणून तपासणी डोळ्यांवर सोडत नाहीत. नग वजनात तोलतात, कारण शिसं घातलेली काच हाताला जड लागते. अंधारात अतिनील दिव्याखाली धरतात. काचेची कृती वेगळी असेल तर झळाळीची छटाही वेगळी येते. मग बाजूनं बघतात. फुलांपासून पृष्ठभागापर्यंत काच किती उरली आहे, ते तिथं कळतं. पेपरवेटचा घुमट म्हणजे भिंगच. तो उतरवला की आतलं फूल जागचं हलत नाही, पण लहान दिसू लागतं. घुमट भरून टाकणारी नक्षी मध्येच आकसून बसल्यासारखी वाटते. कारागिरानं फूल जेवढं दिसावं म्हणून काच चढवली होती तेवढं ते पुन्हा दिसत नाही, कारण घासून गेलेली काच परत चढवता येत नाही.

घासणाऱ्याला मात्र मी लबाड म्हणणार नाही. बहुतेकांना टवका सहन झाला नसेल, एवढंच. कुशल हात अगदी पातळ थर काढतो आणि मूळचा गोलावा राखतो. तेवढं काम पुष्कळ संग्राहकांना चालतं. लबाडी सुरू होते ती विकताना गप्प बसण्यात.

बाकारा गावात एक नग होता, त्याच्याबद्दल कुणाला असा संशय घ्यायचं कारण पडलं नाही. १८५३ साली तिथल्या चर्चच्या कोनशिलेत एक पेपरवेट ठेवला गेला. दुसऱ्या महायुद्धात चर्चची पडझड झाली आणि १९५१ मध्ये तो हाती आला, आत १८५३ सालासकट. जवळपास शंभर वर्षं त्याला ना कुणी टेबलावरून पाडलं, ना कुणी चमकवायला नेलं. १८४९ नंतरही बाकारात असे पेपरवेट होत होते, याचा पुरावाच त्यानं दिला. बाकीच्यांना ती सोय नव्हती. ते लोकांच्या टेबलांवर होते, पोरांच्या हातात होते, पडले, घासले गेले, पुन्हा विकले गेले.

तेव्हा अशा नगाच्या चिठ्ठीवर काय लिहावं? ‘सँ लुई, अंदाजे १८४८. घुमट नंतर घासलेला. पैलू मूळचे नसावेत.’ प्रत्येक वाक्यागणिक किंमत उतरते, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही तिन्ही वाक्यं लिहिणारे विक्रेते असतात. परवडलं तर घ्यावं त्यांच्याकडून, आणि चिठ्ठीही मागून घ्यावी.