भाजी काकूंकडूनच

स्वयंपूर्ण जगण्याची स्वप्नं हल्ली टक्क्यांत पाहिली जातात. पहिल्या वर्षी भाजी, दुसऱ्या वर्षी कडधान्य, पाचव्या वर्षी घरात लागणारं ऐंशी टक्के अन्न आपल्याच जमिनीतलं. तळकोकणात वीस गुंठे हाताशी आल्यावर मीही अशी यादी केली. यादी हवीच. ती नसली की मृगाच्या पावसात सगळंच पेरावंसं वाटतं आणि दिवाळीला टोपलीत चार भेंड्या असतात. माझी शंका आकड्यांबद्दल नाही. त्यांचं शेवटचं टोक जे शंभर टक्के, तिथे पोचलेल्या माणसाला कुणाचीच गरज उरणार नाही. हे चांगलं कसं, ते कुणी सांगत नाही.

थोरोचं उदाहरण नेहमी दिलं जातं. वॉल्डनकाठी तो दोन वर्षं आणि वर दोन महिने राहिला, पण जमीन इमर्सनची आणि झोपडीसाठी झाडं तोडायला आणलेली कुऱ्हाड उसनी. हे त्याने लपवलं नाही, आपण विसरतो. मला त्याच्यापेक्षा विनोबा जवळचे वाटतात. १९५० च्या सुमारास पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाचा आधार सोडायचा, बैलाशिवाय, हाताने कसायचं. ती ऋषिशेती. इतकं कडक उद्दिष्ट आज कुणी ठेवणार नाही, मी तर नाहीच. पण मार्च १९५१ मध्ये तो मागे ठेवून ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत तिथल्या भूमिहीनांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर मागितली. रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली, भूदान सुरू झालं, आणि पुढची तेरा वर्षं विनोबा चालत राहिले. भूदानाचं पुढे काय झालं यावर वाद घालता येईल. मला दिसतं ते एवढंच, की स्वतःच्या वाफ्याचा प्रश्न सुटू लागला तेव्हा वाफाच नसलेली माणसं समोर आली, आणि ती त्यांना टाळता आली नाहीत.

माझ्यासमोर आल्या त्या वाडीतल्या काकू. भात कापून झालं की त्या तुकडाभर मळ्यात लाल माठ आणि मुळा करतात, आणि आठवडी बाजाराला बसतात. माझ्या यादीतलं सगळ्यात सोपं उद्दिष्ट भाजीचं होतं. ते पुरं होईल त्या दिवशी मी काकूंकडून जुडी घेणं बंद करणार, आणि माझा टक्का वाढणार. ज्या परावलंबनातून मला खरोखर सुटायचं आहे ते काकूंवरचं नाहीच. ते कुठून येते, कुणी पिकवली, काय भावाने विकत घेतली यातलं काही कळत नाही त्या प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या डाळीवरचं आहे.

मग यादी उलटी केली. भाजी काढून टाकली. कुळीथ आणि चवळी वाढवली, आणि आठवड्यातले चार दिवस तुरीच्या वरणाऐवजी कुळथाची पिठी ठरवली. (घरातल्यांचं मत वेगळं आहे.) पिकवण्याच्या उद्दिष्टांत खाण्याची उद्दिष्टं नसली तर ती नुसती हौस होते, असं माझं मत झालं आहे.

भाताचं मात्र इतकं सोपं नाही. लावणी थोड्या दिवसांत उरकावी लागते. एकटीच्या हाताने होत नाही. मजूर लावून स्वावलंबी म्हणवणं जमेना, म्हणून सावड केली. मी त्यांच्या शेतात, ते माझ्या. माझा हात संथ, तरी काकू दिवसाला दिवस धरतात. हिशेब बरोबरीचा दिसतो, पण तो नाही. कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि भात आडवं पडलं, तर मी दुकानातून पोतं आणीन; बँकेत पैसे आहेत. तोच पाऊस काकूंच्या शेतावर पडतो तेव्हा वर्षाचं खाणं जातं. श्रमाची सावड होते, जोखमीची कशी करायची?

यंदाच्या यादीत भात आहे, कुळीथ आहे, चवळी आहे, सावडीचे बारा दिवस आहेत. भाजीपुढे काकूंचं नाव लिहिलं आहे. त्याच्या खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे: भात आडवं पडलं तर माझ्या कणगीतलं किती त्यांचं. आकडा अजून घातलेला नाही.