रोल संपवण्यापुरते फोटो

पुण्यात डेक्कनच्या आसपास किंवा मुंबईत फोर्टमध्ये सुट्टीच्या सकाळी विशी-पंचविशीतली मुलंमुली गळ्यात जुने कॅमेरे अडकवून फिरताना हल्ली दिसतात. कुणाकडे पेंटॅक्स के १०००, कुणाकडे यशिका इलेक्ट्रो ३५, तर कुणाकडे आजोबांच्या कपाटातून निघालेला आग्फा क्लिक थ्री. फोटो काढतात ते टपरीवरच्या चहाचे, बसथांब्यावर पेंगणाऱ्या माणसाचे, गच्चीत वाळत घातलेल्या साड्यांचे. त्यांच्याविषयी दोन गोष्टी ठरल्यासारख्या बोलल्या जातात. एक म्हणजे हे सगळं स्मरणरंजन आहे. दुसरी, ही मुलं आजी-आजोबांच्या काळाकडे परत निघाली आहेत. यातलं दुसरं विधान मला साफ चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे ध्यानात आलं की पहिलंही टिकत नाही.

आजी-आजोबांच्या काळात आपल्याकडच्या घरांत फिल्म रोजच्या जगण्यासाठी नव्हतीच. बडोद्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या क्लिक थ्रीमध्ये १२०चा रोल बसे आणि त्यावर चौकोनी बारा फोटो निघत. कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या लाल खिडकीतून फोटोचा आकडा दिसे. प्रकाशाचा हिशेब करायचा तर लेन्सजवळ ऊन आणि ढग अशा खुणा असत. रोल आग्फाचा किंवा कोडॅकचा असे; पुढे सरकारने १९६०मध्ये उटीला स्थापन केलेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ही मिळू लागला. नंतर ३५ मिलिमीटरचे कॅमेरे घरोघरी आले तेव्हा बाराचे छत्तीस झाले, पण हिशेब सुटला नाही. रोल विकत घ्यायचा, धुवायला टाकायचा, मग पोस्टकार्ड आकाराच्या प्रती काढायच्या. तिन्ही वेळा पैसे मोजायचे. त्यामुळे कॅमेरा कपाटातून बाहेर येई तो बारशाला, मुंजीला, लग्नाला, महाबळेश्वरच्या सहलीला. फोटोसाठी माणसं ठेवणीतले कपडे घालत, ओळीत उभी राहत, श्वास रोखून धरत. त्या वेळचे अल्बम चाळले तर एखादं कुटुंब वर्षभर फक्त समारंभच करत असावं असं वाटेल.

तरीही त्याच अल्बमांत मधूनच वेगळे फोटो सापडतात. गणपतीत सुरू केलेला रोल दिवाळी उलटली तरी संपलेला नसे. फोटो बघायची घाई झालेली असे आणि चार-पाच फ्रेम शिल्लक असत. अर्धा रोल धुवायला द्यायचा म्हणजे पैसे वाया. मग कुणीतरी म्हणे, ‘काढून टाक रे घरातलेच, रोल संपव.’ आणि रोल संपवण्यापुरते ते फोटो काढले जात: शेंगा सोलत बसलेली आजी, मोरीजवळचं पाण्याचं पिंप, चाळीच्या गॅलरीतून खाली वाकलेली शेजारीण, भिंतीवरच्या कॅलेंडरखाली अभ्यास करणारा मुलगा, रेडिओवर घातलेलं क्रोशाचं कापड. कुणाला तयार व्हायला वेळ मिळालेला नसे. आज तीस-चाळीस वर्षांनी अल्बम उघडला की लग्नातल्या मुंडावळ्यांवरून नजर सरकून जाते आणि या फोटोंवर थांबते. घर कसं होतं, माणसं कशी बसत, कशावर स्वयंपाक होई, हे तिथेच कळतं. आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या सामाजिक इतिहासाचा केवढा तरी भाग या शिल्लक फ्रेमांनी नकळत जपून ठेवला आहे.

म्हणूनच आजची ही मुलं करतात ते नवं आहे. जे आपल्याकडे उरलंसुरलं म्हणून घडलं, ते ती मुद्दाम करतात. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम साध्या दिवसावर खर्च करणं ही आधीच्या पिढीला परवडणारी कल्पना नव्हती. आज तर रंगीत रोल हजार रुपयांच्या आगेमागे मिळतो. धुण्याचे आणि स्कॅनचे पैसे निराळे. आणि खिशात असलेल्या फोनवर फोटो फुकट निघत असताना हा खर्च केला जातो. मला तो वायफळ वाटत नाही. पेंगणाऱ्या माणसासाठी छत्तिसातली एक फ्रेम मोडायची की नाही, असा प्रश्न स्वतःला घालावा लागतो. फोनमध्ये तो प्रश्न उद्भवतच नाही. रोजचं जगणं फोनने भरभरून टिपलं हे खरं, पण त्यातल्या कशाची तरी निवड करण्याची गरज त्याने संपवून टाकली.

या निवडीला आपल्याकडे एक जुना पूर्वजही आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून एक छोटा चित्रपट तयार केला. कुंडीत वाटाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा लावला आणि दिवसांमागून दिवस एकेक चौकट टिपत रोप वाढताना दाखवलं. विलायतेहून आणलेली महागडी फिल्म त्यांनी पणाला लावली ती घरातल्या एका कुंडीवर. देवादिकांची कथा त्यानंतर आली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पट्टीचा उल्लेख आपण फाळक्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून करतो. मला ती साध्या गोष्टीकडे मोजून-मापून पाहण्याचा धडा म्हणून अधिक मोलाची वाटते.

होमाई व्यारावाला यांचंही तसंच. दिल्लीतल्या सत्तांतराच्या, नेहरूंच्या छायाचित्रांमुळे त्यांचं नाव झालं. पण १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत, जे. जे.मध्ये शिकत असताना, त्यांनी बरोबरच्या विद्यार्थिनींचे आणि शहरातल्या साध्या व्यवहाराचे फोटो काढले होते. त्यांतल्या तरुण मुली कुणाच्या तरी मुली किंवा सुना म्हणून उभ्या केलेल्या नाहीत. त्या आपापल्या कामात, गप्पांत, स्वतःच्या तंद्रीत आहेत. सुरुवातीचे त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. त्या काळात बाईच्या हाती कॅमेरा असणं केवढं विरळ होतं, हे यावरून समजतं.

आता फिल्मच्या कामाच्या रीतीकडे वळतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापुरतं उघडतं, प्रकाश आत येतो आणि काही स्फटिकांवर चांदीचे मोजके अणू सुटे होतात. चित्र उमटलेलं असतं, पण दिसत नाही. त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर त्या मोजक्या अणूंच्या आधाराने सगळा स्फटिक चांदीत बदलतो आणि काळा होतो. मग हायपोने उरलेले क्षार धुऊन काढायचे. म्हणजे बटण दाबणं आणि चित्र दिसणं यांच्यामध्ये एक अंतर आहे आणि ते फिल्मच्या घडणीतच आहे. आजचे बहुतेक फोन बटण दाबण्याच्या आधीपासूनच चित्रं साठवत असतात आणि मागच्या-पुढच्या अनेक चित्रांचे उजळ व अंधारे भाग सांधून एक फोटो तयार करतात. त्यात वाईट काही नाही, अंधारातले फोटो त्यामुळेच निघतात. मात्र तो एका क्षणाचा फोटो राहत नाही. फिल्मवरचा फोटो, बरा असो वा फसलेला, शटर उघडं असतानाच्या तेवढ्याच प्रकाशाचा असतो.

या अंतराचा खरा फायदा फोटोपेक्षा फोटोतल्या माणसांना होतो, असं मला वाटतं. आई भाकऱ्या थापते आहे आणि मुलीने फोनवर फोटो काढला, की पुढचं वाक्य ठरलेलं: ‘बघू कसा आलाय.’ मग पीठ लागलेल्या हातांनी फोन धरता येत नाही म्हणून मुलगी तो समोर नाचवते, आई म्हणते केस नीट नाहीत, पदर सारखा होतो, पुन्हा फोटो निघतो. दुसऱ्या फोटोत आई भाकरी थापत नसते. भाकरी थापण्याचा फोटो देत असते. फिल्मच्या कॅमेऱ्यात दाखवण्यासारखं काहीच नसतं. खटका वाजतो आणि भाकरी तव्यावर जाते. रोजचं जगणं टिपायचं तर ते थांबता कामा नये, ही पहिली अट आहे, आणि न दिसणारं चित्र ती आपोआप पाळतं. छातीशी धरून वरून पाहायचा यशिका मॅट किंवा रोलिफ्लेक्स असेल तर फोटो काढणाऱ्याची मान खाली झुकलेली असते. समोरच्यावर डोळे रोखलेले नसतात.

फोटो काढणाऱ्यालाही हे अंतर उपयोगी पडतं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य काढलेला गॅरी विनोग्रँड रोल धुण्याआधी मुद्दाम वर्षभर, कधी त्याहूनही अधिक थांबे. फोटो काढताना मन उल्हसित होतं म्हणून फोटो चांगला वाटू नये, हा त्यामागचा विचार. ती आठवण विझली की मगच तो आपल्या चित्रांकडे परक्याच्या डोळ्यांनी पाही. १९८४मध्ये तो गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल धुवायचे राहिले होते. एवढं टोक कुणी गाठू नये, पण मधल्या आठ-पंधरा दिवसांतही ‘मला काय वाटलं होतं’ आणि ‘फोटोत काय आहे’ यांतला फरक दिसू लागतो.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो जोरदार आहे. फिल्मच्या काळात कॅमेरा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हाती असे. बाईने काय पाहिलं, मुलांनी काय पाहिलं, घरकाम करणारीने काय पाहिलं, याचा एकही फोटो बहुतेक घरांत नाही. फोनने तो कॅमेरा सगळ्यांच्या हाती दिला. गावाकडे आईला खोलीचा फोटो पाठवणाऱ्या मजुराला निवडीचं तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि फिल्म श्रेष्ठ, फोन कनिष्ठ असं मी म्हणतही नाही. फिल्म महाग आहे, वेळखाऊ आहे. मे महिन्यात मुंबईच्या नळाला येणारं पाणी वीस अंशांवर आणायला बर्फ लागतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. वापरलेल्या हायपोत चांदी असते, ती गटारात सोडणं पाण्यातल्या जिवांच्या मुळावर येतं. ज्याला हे सगळं करता येतं त्याच्याकडे सवड आहे, आणि त्या सवडीचं भान त्याला हवं. पण सवड आहे म्हणून काम खोटं ठरत नाही.

खोटं ठरतं ते दुसरंच. फिल्मचे दोष अंगावर मिरवणारे फोटो हल्ली फार दिसतात: प्रकाश शिरल्याचे लाल पट्टे, उडालेले रंग, जाड दाणा. फोनमध्ये तर ते एका बोटाने लावता येतात. जुन्या स्टुडिओवाल्यांनी हेच दोष टाळण्यासाठी जन्मभर धडपड केली. बोरा बाजारात आजही कॅमेरे उघडून बसणारे कारागीर फिल्मच्या डब्यात किरण शिरू नये म्हणून स्पंजच्या बारीक पट्ट्या नव्याने चिकटवून देतात. आईच्या भाकरीवर खोटा लाल पट्टा ओढला की फोटो जुना दिसेल, पण आईकडे पाहिलं गेलं असं होणार नाही. फिल्मपासून घ्यायचंच असेल तर थांबणं घ्यावं, रंग घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अनेक जण रोल धुवायला देतात, स्कॅन ईमेलवर मागवतात आणि निगेटिव्ह आणायला जातच नाहीत. हे थांबायला हवं. स्कॅन हा निगेटिव्हचा एक वाचलेला पाठ आहे. मूळ वस्तू निगेटिव्हच. ती पट्टी बटर पेपरच्या पाकिटात घालून वर गाव, महिना आणि फोटोतल्या माणसांची नावं पेन्सिलीने लिहायला पाच मिनिटं लागतात. जुने स्टुडिओ बंद पडले तेव्हा निगेटिव्हची खोकीच्या खोकी चांदी काढण्यासाठी भंगारात गेली. त्यांत कुणाकुणाचे चेहरे होते, हे आता कळायला मार्ग नाही.

नावं लिहायची तर ती विचारावी लागतात, आणि इथे या मुलांशी माझं एकच भांडण आहे. स्टुडिओत फोटो काढून घेणारा माणूस पैसे देई आणि प्रत घरी नेई. फोटो त्याचा असे. टपरीवाल्याचा फोटो मात्र काढणाऱ्याच्या संग्रहात जातो आणि टपरीवाल्याला तो दिसतही नाही. रोलसाठी हजार रुपये मोजणाऱ्याला एका जास्तीच्या प्रतीचे थोडे पैसे जड नाहीत. प्रत्येक चांगल्या फोटोच्या दोन प्रती काढाव्यात आणि दुसरी पंधरा दिवसांनी त्याच टपरीवर नेऊन द्यावी. तेव्हा टपरीवाला सांगेल की फोटोतली किटली त्याच्या वडिलांची आहे, किंवा मागे उभा असलेला पोऱ्या गावी निघून गेला, किंवा हा फोटो त्याला मुळीच आवडलेला नाही. तेही पाकिटावर लिहून ठेवावं.