स्वर्गाच्या राज्यातील कनिष्ठ

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात येशूने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जो गौरव केला आहे, तसा त्याने दुसऱ्या कोणाही मनुष्याचा केलेला नाही. आणि ते शब्द श्रोत्यांच्या कानांत विरतात न विरतात तोच, स्वर्गाच्या राज्यातला अगदी कनिष्ठही योहानाहून श्रेष्ठ ठरतो असे सांगून त्याने आपल्याच प्रशस्तीवर जणू काट मारली आहे. या वचनाने भाष्यकारांची फार तारांबळ उडविली. अंत्युखियाचा वाक्पटू धर्मोपदेशक ख्रिसोस्तम याने चौथ्या शतकात असा तोडगा काढला, की येथील कनिष्ठ म्हणजे खुद्द येशूच, कारण तो वयाने योहानाहून लहान आणि पुष्कळांच्या लेखी त्याच्याहून कमी. तोडगा चतुर खरा, परंतु तो पत्करला की वचनातला काटा निघून जातो. आणि हा काटा ठेवून देण्याचाच वक्त्याचा हेतू असावा, असे मला वाटते.

प्रसंग ध्यानात घ्यावा. योहान त्या वेळी हेरोद अंतिपाच्या कैदेत होता. मृत समुद्राच्या पूर्वेस मखेरूस नावाचा डोंगरी किल्ला होता, तेथे त्याला नेले होते असे इतिहासकार योसेफस सांगतो. तेथून त्याने शिष्यांकरवी येशूकडे आपली शंका पाठविली. शिष्य माघारी वळताच, तुम्ही रानात गेलात ते काही वाऱ्याने हलणारा बोरू किंवा तलम वस्त्रांतला दरबारी पाहावयास नव्हे, असे येशूने जमावाला सुनावले. आता, अंतिपाने तिबिर्या नगर वसविले त्या सुमारास पाडलेल्या नाण्यांवर, यहूद्यांना असलेला मूर्तींचा तिटकारा जाणून, आपल्या मुखवट्याऐवजी बोरूच उमटविला होता; तेव्हा बोरूचे नाव निघताच गालीलातल्या ऐकणाऱ्याला पिशवीतले नाणे आठवले असावे, हे गेर्ड थाइसन या जर्मन पंडिताचे अनुमान मला पटते. ज्या दरबारात मानकऱ्यांच्या बैठकी ठरतात आणि कोण कोणाच्या वर याची दफ्तरी नोंद राहते, त्या दरबारापुढे योहान वाकला नाही, म्हणून तो थोर. परंतु न वाकणाऱ्याचे थोरपणही मोजता येण्याजोगेच असते. दुसऱ्या राज्यात ही मोजदादच रद्दबातल होते. तेथील कनिष्ठ योहानाहून अधिक गुणी असतो असे नव्हे, तर त्याचा दर्जा गुणावर, तपावर किंवा कामगिरीवर बेतलेलाच नसतो.

18 व्या अध्यायातल्या बालकाचेही असेच आहे. राज्यात सर्वांत मोठा कोण, या शिष्यांच्या प्रश्नावर येशूने एक मूल बोलावून मध्ये उभे केले. हे चित्र शब्बाथ शाळांतून इतके गोजिरे झाले आहे, की ते मूल निरागसतेसाठीच निवडले असे आपण धरून चालतो. त्या काळचे जग मुलाकडे तसे पाहत नव्हते. मिसर देशात ओक्सिरिंखस येथील उकिरड्यात सापडलेल्या कागदपत्रांत इ. स. पूर्व 1 सालचे एक पत्र आहे. त्यात आलेक्झांद्रियास कामाला गेलेला हिलारिओन आपल्या गरोदर बायकोला कळवितो, की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे; आणि त्याच पत्रात, तुला कसा विसरेन, असे मायेने विचारतो. यहूदी लोक अर्भके टाकीत नसत, ही त्यांच्या गौरवाची गोष्ट. तरी त्यांचे धर्मशास्त्रही अज्ञान मुलाची साक्ष ग्राह्य धरीत नसे. मूल म्हणजे ज्याच्या खाती अद्याप काहीच जमा नाही असा जीव.

तुकोबांनी देवापाशी लहानपण मागितले असल्यामुळे मराठी वाचक हा उतारा चटकन आपलासा करतो. परंतु तुकोबांच्या मागणीत प्रपंचातले शहाणपण आहे. लहान राहिले म्हणजे थोरांना बसणारा मार चुकतो आणि मुंगीच्या वाट्याची गोडी लाभते, हा रोकडा अनुभव तिच्यामागे आहे. मध्ये उभ्या केलेल्या त्या मुलाला असा हिशेब सुचणे शक्य नव्हते. लूकने सांगितलेल्या कथेतला जकातदारही स्वभावाने नम्र होता असे कोठे म्हटलेले नाही. तो जकातीचा वसूलदार, बहुधा रयतेला नाडणाराच, आणि मंदिरात देवापुढे ठेवण्यासारखे काहीच त्याच्या पदरी नव्हते, एवढेच.

शिष्यांना हे उमगले होते असे दिसत नाही. मूल मध्ये उभे राहिल्यावर दोनच अध्यायांनी जब्दीच्या मुलांची आई येऊन, येशूच्या राज्यात आपल्या एका मुलाला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे जागा मिळावी, अशी अर्जी करते. मार्काने ही मागणी खुद्द भावांच्याच तोंडी घातली आहे. मत्तयाने भिडेखातर आईला पुढे केले असावे. बाकीच्या दहाजणांना हे कळताच ते संतापले, आणि त्या जागा त्यांना नको होत्या म्हणून संतापले, असे काही म्हणवत नाही.