नवी गाडी आणि अळूचं पान

मराठी मध्यमवर्गीय माणूस वस्तू विकत घेतो ती वापरण्यासाठी, असा एक गैरसमज आहे. तो ती घेतो जपण्यासाठी. वापर हा त्या वस्तूच्या आयुष्यातला एक टाळता न येणारा अपघात. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबर बँड, आणि पिशवी फाटली की वर दुसरी पिशवी. सोफ्याला कव्हर, कव्हरावर चादर, आणि पाहुणे आले की चादर काढायची की नाही ते पाहुण्यांचा हुद्दा बघून ठरतं. लग्नात आहेर म्हणून आलेला काचेचा टी-सेट पंचवीस वर्षं शोकेसमध्ये उभा राहतो आणि कोणाच्या तरी मुलीच्या लग्नात आहेर म्हणूनच पुढे जातो. त्यातून चहा प्यायचा असतो, ही गोष्ट त्या टी-सेटलासुद्धा कोणी सांगितलेली नसते.

हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. कोकणात तरी जपणं ही चैन नव्हे. महाड-पोलादपूरकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना विचारा. चार महिने चपलेवर बुरशी, कडी-कोयंड्यावर गंज, आणि वाळत घातलेला टॉवेल गौरीगणपतीपर्यंत वाळेल अशी नुसती आशा. मातीच्या भिंती झडीनं वाहून जाऊ नयेत म्हणून पूर्वी पावसाच्या तोंडावर त्यांना झावळ्यांचे झाप बांधत, आणि माणूस स्वतः इरलं पांघरून लावणीला उतरत असे. 'प्रोटेक्टिव्ह कोटिंग' म्हणजे काय, हे त्याला कोणत्याही कंपनीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. फरक इतकाच, की इरलं घेऊन तो चिखलात उतरायचा. इरल्याला चिखल लागेल म्हणून ओटीवर बसून राहिलेला शेतकरी माझ्या तरी ऐकिवात नाही.

या फरकाचा विचार मला आमच्या भावोजींच्या गाडीमुळे करावा लागला. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर महाडात, मूळ गाव पोलादपूरच्या पलीकडे घाटाच्या पायथ्याशी. निवृत्तीनंतर गेल्या दसऱ्याला त्यांनी गाडी घेतली. काळीकुळकुळीत! कोकणातल्या तांबड्या धुळीत काळी गाडी घेणं म्हणजे सासुरवाडीला पांढरं धोतर नेसून धुळवडीला जाण्यासारखं आहे, असं मी बोलून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "त्याची व्यवस्था केली आहे." व्यवस्था म्हणजे सिरॅमिक कोटिंग. गाडी शोरूममधून निघाली ती घरी न येता पनवेलच्या एका दुकानात तीन दिवस मुक्कामाला गेली. नवी सून माप ओलांडण्याआधी ब्यूटी पार्लरला जाते, तसं.

या तीन दिवसांत भावोजींनी विषयाचा जो अभ्यास केला, तो नोकरीत केला असता तर निवृत्तीच्या वेळी हुद्दा वेगळा असता. गाडीचा पत्रा म्हणजे नुसता पत्रा नव्हे, हे मला त्यांच्याकडून कळलं. सांगाडा आधी गंजरोधक रंगाच्या हौदात विजेच्या साहाय्याने बुडवून काढतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वात वर पारदर्शक लाखेसारखा 'क्लिअर कोट'. हे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दोन केसांच्या जाडीचा मामला. आणि ज्यासाठी भावोजींनी बत्तीस हजार मोजले तो सिलिकाचा थर? एक-दोन मायक्रॉन! दुकानदारानं त्याची कठीणता 'नाइन एच' सांगितली होती. भावोजी ते 'हिऱ्याच्या खालोखाल' अशा आवाजात सांगत. पुढे त्यांनाच शोध लागला, की हा 'एच' चित्रकलेच्या पेन्सिलीवरचा. नऊ नंबरच्या पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुंबई-गोवा महामार्गावरच्या डंपरमधून उडणाऱ्या खडीनं पेन्सिलीचा हा तक्ता वाचलेला नसतो. ज्या रस्त्याच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्यावर खडीला तोटा कसा असणार? म्हणून मग पुढच्या बाजूला प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म. ही चांगली दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड, वरचा बारीक चरा उन्हाच्या उबेनं आपोआप भरून काढणारी. तिचा पूर्वज व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पात्यांना लावत असत. अख्ख्या गाडीला ती लावायची, तर ताईचे बिल्वर मोडावे लागले असते. तेव्हा बॉनेट आणि बंपरवर भागवलं.

गाडी घरी आल्यावर प्रात्यक्षिक झालं. भावोजींनी तांब्याभर पाणी बॉनेटवर ओतलं. पाण्याचे टपोरे मोती झाले, क्षणभर थरथरले आणि धूळ घेऊन घसरून गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाली, "अगंबाई, अळवावरचं पाणी!"

अगदी बरोबर. अळूच्या पानावर मेणाची बारीक लव असते, तिच्यावर थेंबाला पसरता येत नाही. कोटिंगची युक्ती थोडी निराळी, पण तमाशा तोच. गंमत अशी, की आपल्याकडे अळवावरचं पाणी म्हणजे जे टिकत नाही ते. पिढ्यान् पिढ्या कीर्तनकारांनी हा दृष्टांत देऊन आपल्याला सांगितलं की बाबांनो, सारं क्षणभंगुर आहे. भावोजींनी त्याच अळवावरच्या पाण्याची पाच वर्षांची लेखी वॉरंटी घेतली होती!

वॉरंटीबरोबर आचारसंहिता आली. गाडी फणसाखाली उभी करायची नाही. पक्ष्यानं विटाळलं तर ताबडतोब धुवायचं, कारण दुपारच्या उन्हात रंग प्रसरण पावतो, रात्री आकसतो, आणि आकसताना वाळलेल्या विष्ठेचा ठसा घेऊन बसतो. धुताना दोन बादल्या, एक साबणाची आणि एक हात खंगाळायची. आणि कोरडं फडकं? शिव शिव! काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल गोल चरे दिसतात, ते कोणा वैऱ्यानं काढलेले नसतात. रोज सकाळी मालक ज्या प्रेमानं धुळीवरून फडकं फिरवतो, त्या प्रेमाचे ते वळ असतात. या एका माहितीसाठी मी बत्तीस हजारांतले निम्मे माफ करायला तयार आहे.

इथवर सगळं विनोदाचंच होतं. पण हळूहळू एक गोष्ट खटकू लागली. भावोजींची आधीची गाडी जुनी मारुती ८००, तीही सेकंडहँड. तिचा मूळ रंग कोणता यावर आळीत दोन पक्ष होते. त्या गाडीतून काय गेलं नाही? बाळंतिणी गेल्या, भाताची पोती गेली, सुकी मासळी गेली, एकदा वरमाय गेली आणि वाटेत ओकली. २०२१ च्या २२ जुलैला सावित्री-गांधारीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा ही गाडी गावाकडच्या अंगणात उंचावर उभी होती म्हणून वाचली. रस्ता मोकळा झाल्यावर भावोजी ती घेऊन खाली आले आणि पंधरा दिवस तिच्यातून पिण्याचं पाणी, पाव, फावडी आणि गुडघाभर चिखलानं माखलेली पोरं वाहत राहिले. गाडीला चिखल लागेल, हे वाक्य कोणाच्या ओठावर आलं नाही. तिच्यात लागायला जागाच शिल्लक नव्हती.

नव्या गाडीत माणूस बसतो तो आधी चपला काढून. म्हणजे सगळी माणसं नव्हे. मी जरा लक्ष ठेवून पाहिलं. भावोजींचे जुने साहेब बुटांसकट बसले, भावोजींनी हसून दार लावलं. पण नळ दुरुस्त करणारा शेजारचाच पोरगा दवाखान्याजवळ सोडा म्हणाला, तेव्हा सीटवर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. आपण वस्तू जपायला निघतो तेव्हा मनात एक यादी तयार होते: ऊन, पाऊस, पक्षी, खडी. इथपर्यंत ठीक. मग नकळत त्या यादीत माणसं शिरतात. आणि ती कोणती शिरायची ते आपण ठरवत नाही, आधीच ठरलेलं असतं.

आणि हे महाड आहे. 'हात लावू नका' हे चार माणसांत म्हणताना इथे तरी जीभ किंचित अडखळावी. या गावच्या चवदार तळ्याला हात लावायला माणसांना सत्याग्रह करावा लागला. नगरपालिकेनं १९२४ सालीच तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. तरी ते पाणी ओंजळीत यायला १९२७ चा २० मार्च उजाडावा लागला आणि डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं. त्यानंतर सनातनी मंडळींनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. प्रकरण कोर्टात गेलं, ते १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानं मिटलं. गाडीची तळ्याशी तुलना करण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. तळं सर्वांचं होतं, गाडी भावोजींची आहे, आणि तिचे हप्तेही त्यांचेच. पण वर्तमानपत्र अंथरताना पाहिल्यावर मला त्या घागरी आठवल्या, त्याला मी काय करू?

हे मी भावोजींना, अर्थात घागरी वगळून, सुचवून पाहिलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अहो, मी थोरल्या भावाचे सदरे घालून शाळा केली. वापरलेली पुस्तकं, वापरलेली सायकल, वापरलेली मारुती. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा अशी वस्तू आली की जिच्यावरचा पहिला चरा माझा असेल. तो थोडा उशिरा पडावा असं वाटलं, तर चुकलं का माझं?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

मे महिन्यात आम्ही गावाहून महाडला परतत होतो. मी मागच्या सीटवर, अर्थात मोज्यांत. पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ गावातल्या एक आजी उभ्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या. लेकीकडे महाडला निघालेल्या. ताईनं थांबायला लावलं. आजी पुढे आल्या आणि दमल्या म्हणून डोक्यावरचा फणस त्यांनी सरळ बॉनेटवर टेकवला. ताजा काढलेला, देठातून चीक ठिबकणारा. फिल्म, सिरॅमिक, व्हिएतनाम, सगळ्यांवरून तो ओघळत हेडलाइटपर्यंत आला. भावोजी दार उघडून बाहेर आले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ताई म्हणाली, "आजी, तुम्ही पुढं बसा. मी मागं जाते." मग भावोजींनी पनवेलला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, अजिबात चोळू नका, गाडी घेऊन या.

"घाबरू नको बाबा," आजी म्हणाल्या, "चीक तेलानंच जातो." त्यांनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, लुगड्याचा पदर तेलात भिजवला आणि बॉनेट खसाखसा चोळायला घेतलं. भावोजींनी डोळे मिटले. चीक निघाला, पार निघाला. भावोजी चरा उठला का ते बघायला वाकले, तोवर मागे महाबळेश्वरची एसटी येऊन हॉर्न वाजवायला लागली होती, आणि आजी पायांतल्या चपलांसकट पुढच्या सीटवर बसून पट्टा कसा लावायचा ते विचारत होत्या.