न्हाणीघरातली कलाकुसर

बारामतीजवळच्या जळोचीहून आपण पुण्याला जातो ते बहुधा दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, नाहीतर मुलांच्या ॲडमिशनसाठी. काम उरकून हाताशी तासभर उरला, तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. आत गेल्यावर पाय आधी मस्तानी महालाकडे वळतात. कोथरूडचा महाल इथे आणून पुन्हा उभा केलेला. नाव ओळखीचं, म्हणून फोटोही तिथलाच निघतो. रेंगाळावं मात्र वज्र्यांपाशी.

वज्री म्हणजे अंघोळ करताना टाचा घासायची वस्तू. खालची बाजू खरखरीत, भेगांतली माती निघावी अशी. आणि वर, धरायच्या जागी, कुठे पक्षी, कुठे प्राणी. अडकित्ता चार पाहुण्यांत फिरतो, समई देवापुढे तेवते. त्यांच्यावर नक्षी असली तर नवल नाही. वज्री न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओलीच पडून राहणार. ती कोण बघायला येणार होतं? घरधन्याकडे पैसा असेल, हौसही असेल. पण पक्ष्याची मान किती वळवायची, ते घडवणाऱ्याच्या हातानेच ठरवलं असणार. त्या हाताचं नाव आज कुणालाच माहीत नाही.

दिनकर केळकरांचा घरचा व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून २०,००० च्या वर वस्तू गोळा केल्या, बालपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला दिलं आणि तो सगळा राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तलवार जपावी हे कुणालाही सुचतं. टाच घासायची वस्तूही जपण्याच्या लायकीची आहे, हे त्यांना उमगलं.

कुणाच्या सहज नजरेत न येणारं असं बारीक काम आपल्या बारामतीतही झालेलं आहे. कवी मोरोपंतांनी रामायण परोपरीने रचलं, त्यातलं एक निरोष्ठ. प, फ, ब, भ, म अशी ओठ मिटून म्हणायची अक्षरं त्यात घ्यायचीच नाहीत. म्हणजे कथा रामाची, आणि ‘राम’ म्हणायची सोय नाही! ऐकणाऱ्याला कुणी सांगितलं नाही, तर त्याच्या हे ध्यानातही येणार नाही. पंतांनी मात्र एकेका शब्दाशी झटापट केलेली.

आपलं काम रामायण रचण्याचं नाही. पण बाजाराला न्यायचे डाळिंबाचे क्रेट भरताना न दिसणाऱ्या जागी किती झटायचं, हाच प्रश्न समोर येतो. वरच्या थरात टपोरी फळं लावायला कुणी सांगावं लागत नाही, कारण तो थर बघितला जातो. बारीक, डागी माल तळाला सारायचा मोह होतो, कारण तिथवर लगेच कुणाचा हात जात नाही. शाळेतला पाठ, ऑफिसातली फाइल, घरातला ओट्यामागचा कोपरा, सगळ्यालाच असा एक तळ असतो.

आज एका तरी कामात त्या तळाला वरच्या थराइतकाच वेळ द्यावा. घेणाऱ्याने तो पाहिला नाही, तरी भरणाऱ्याने पाहिलेला असतोच.